मोरीपलीकडचा चढ

धानोरा,
९ एप्रिल

आदरणीय केसरबाई,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव, पण फाडू नको. मयुरी शाळेत शिकवायला गेली की दुपारी चष्मा लावून वाच. फोन तर तू घेतच नाहीस. दर वेळी मयुरी म्हणते, "मावशी, आई आंघोळीला गेली." चार वर्षांत इतक्या आंघोळी सिरोंच्यात गोदावरीकाठी राहूनही कोणी केल्या नसतील. म्हणून लिहायला बसले.

संघप्रिया सुटीवर आली आहे. तिचं नाव आलं म्हणून वाचायचं थांबू नको, बाई. तिने सीमेवरच्या दलाची वर्दी अंगावर घातली त्या दिवशी तू आमच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होतीस, ज्या घरातून वर्दी निघाली त्या घरचं पाणी मी पिणार नाही. तुझा पोरगा अश्वजित पोलिसाच्या वर्दीतच गेला. तुला बोलायचा हक्क होता. मी तेव्हा उलटून बोलले नाही आणि आजही तुझी समजूत घालायला लिहीत नाही.

पण ती काय काम करते हे तुला कोणी सांगितलं नसेल. तिला दलाच्या स्कीच्या चमूत घेतलं आहे. स्की म्हणजे बर्फावर चालायच्या लांब, अरुंद पट्ट्या. टीव्हीवर डोंगराच्या शेंड्यावरून खाली सूं करत येणारी माणसं दाखवतात ना, ती वेगळी. ही सपाटीवरून, चढावरून, झाडांच्या मधून कोसच्या कोस जाते. चालणंही नाही आणि पळणंही नाही. बूट फक्त पुढच्या टोकाला पट्टीत अडकवलेला असतो, टाच मोकळी. हातात दोन काठ्या.

तिने मला फोनवर चित्रण दाखवलं. काय सांगू. नजर जाते तिथवर काही नाही. झाड नाही, शेताचा धुरा नाही, गुरं नाहीत. आणि ते काही नसणंच चमकत होतं. त्यात एक काळा ठिपका हलत होता, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कोणी शांतपणे श्वास घ्यावा तसा. संघप्रिया म्हणाली, "आई, ते मी आहो." विहारात बसल्यावर जुळतात तसे माझे हात आपोआप जुळले. भाकरीचं पीठ लागलेले होते, तसेच.

मी विचारलं, "एवढ्या पांढऱ्यात वाट कशी सापडते वो?"

म्हणाली, "वाट नाई, जागाच शोधा लागते." बर्फ आहे म्हणून कुठेही पाय टाकता येत नाही म्हणे. कुठे बर्फाखालून ओढा वाहत असतो. कुठे वारा बर्फ उडवून नेतो आणि दगड वर येतात. देवदाराच्या सावलीत बर्फ टिकतो. त्यांचा चमू आधी नुसता जागा पाहत हिंडतो, आपण मुलीसाठी घर पाहतो तसा. मी म्हटलं, "चांगली जागा कशी ओळखतेस?" तर म्हणाली, "चढ असा पाहिजे का दम लागला पाहिजे, पण थांबा नाई लागलं पाहिजे. अन् उतार असा का भेव लागलं पाहिजे, पण पडलं नाई पाहिजे."

आता आपल्याकडे बर्फ कुठला? त्यासाठी तिने सोबत चाकं आणली आहेत. हातापेक्षा थोड्या लांब दोन दांड्या आणि प्रत्येकीला पुढेमागे एक-एक चाक. त्या पायात बांधून उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर सराव करायचा. जूनमध्ये निवड आहे. चमूत राहिली तर हिवाळ्यात बर्फावर, नाही तर पुन्हा चौकीवर बंदूक घेऊन. म्हणजे बाई, हा रस्ता मिळणं न मिळणं माझ्यासाठीही साधी गोष्ट नाही. तुला ते मी सांगायला नको.

तर आम्ही तिघं रस्ता शोधायला निघालो. गडचिरोलीच्या हमरस्त्यावर ट्रकच ट्रक. एकाने थांबून हिला विचारलं, "मॅडम, पेट्रोल खतम हो गया क्या?" वसाहतीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर कुत्र्यांनी असा तमाशा केला की लोक वाट्या-ताटं घेऊन बाहेर आले. शिवाय काठीचं टोक सिमेंटवर सटकतं, डांबरावरच धरतं. तलावाच्या पाळीवरचा रस्ता मला फार आवडला होता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या. पण तो सुरू होतो तोच संपतो. संघप्रियाचे बाबा स्कूटर घेऊन तिच्या मागे. म्हणाले, "एसटीत असताना सारी जिंदगी ह्याच रस्त्याच्या बसा दुरुस्त केल्या, पण रस्त्याकडं असं कधी पाह्यलंच नाई."

रात्री जेवताना संघप्रिया म्हणाली, "आई, एक रस्ता आहे."

मी म्हटलं, "भाजी घे."

तिचे बाबा मान खाली घालून जेवत राहिले. आम्ही तिघंही एकाच रस्त्याचा विचार करत होतो. तूही आता करत असशील.

तुझी,
वच्छला


धानोरा,
१६ एप्रिल

केसरबाई,
जयभीम.

पत्र परत आलं नाही, म्हणजे ते तुझ्या घरात आहे. एवढंही मला पुष्कळ झालं. परवा जयंतीची मिरवणूक चांगली झाली. विहारात तुझ्या नावाने खिरीचं दान दिलं. पावतीवर तुझं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं घाला. तुला राग आला तर येऊ दे.

तुला वाटला तोच रस्ता.

अश्वजितची गाडी ज्या मोरीवर सुरुंगाने उडाली, त्या मोरीकडे जाणारा. मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण त्या वेळी आम्ही तिथे जाऊन आलो होतो आणि माझा हात धजेना.

तू तो रस्ता तेव्हापासून पाहिला नाहीस. तेव्हा मुरमाचा होता, पावसाळ्यात बैलसुद्धा अडकायचे. आता काळंभोर डांबर आहे, कडेला पांढरी रेघ. मोरीच्या जागी नाल्यावर रुंद पूल झाला, कठड्याचा. आम्ही अजून मोरीच म्हणतो. तिकडच्या गावी लग्नाकार्याला जायचं झालं तर अलीकडे बस थांबवायला सांगतो, चप्पल हातात घेतो आणि पायी पलीकडे जातो. नेहमीचा कंडक्टर न विचारता घंटी मारतो. त्या जागेवरून आपल्या माणसांनी चाकावर बसून जायचं नाही, असं मी घरात ठरवून टाकलं आहे. तुझ्यासाठी ठरवलं, बाई. इतकी वर्षं कोणी मोडलं नाही.

म्हणून संघप्रियाला सांगितलं, मोरीच्या अलीकडे जे वळण आहे तिथे मी उभी राहीन. तिथवर ये आणि फिर. ती हो म्हणाली.

पण आता जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुसरं कोणाला सांगू? इथे शेजारच्या बायका विचारतात, "पोरीले पगार किती?"

आम्ही उजाडता उजाडता पोचतो. मोहाची फुलं रात्रभर गळलेली असतात आणि सगळ्या रानाला तो गोडसर, आंबूस वास. रस्ता आधी सपाट जातो, मग हळूच चढतो, इतका हळूच की डोळ्याला कळत नाही, पोटऱ्यांना कळतं. चढाच्या माथ्यावर दोन्हीकडून सागाची झाडं जवळ येतात. तिथून लांब उतार, थेट नाल्यापर्यंत. आणि मोरीच्या पलीकडे समोर तेवढाच चढ. माथ्यावर उभं राहिलं की तो सगळा दिसतो, आभाळाला टेकलेला. संघप्रिया पहिल्या दिवशी माथ्यावर उभी राहिली ती हलेचना. मी विचारलं, "काऊन, पाय दुखते काय?" तर म्हणाली, "आई, ह्याच्यासाठी आम्ही बर्फात हिंडतो. अन् हा इथीच होता."

तिला जाताना तू पाहायला हवं होतंस. तिला आपण रांगताना पाहिलं, बांधीत चिखलात बसकण मारून रडताना पाहिलं. दहावीपर्यंत ही पोरगी चालताना पाय घासायची, मी चपलांच्या नावाने ओरडायची. तीच आता एक पाय पुढे टाकते आणि तो पाय थांबतच नाही, जात राहतो, जात राहतो. मग दुसरा. काठ्या मागे टेकतात, टक्, आणि सगळं अंग पुढे वाहतं. घाई कुठेच दिसत नाही, आणि स्कूटर मागे राहते. मला वाटलं, माणूस असा चालण्यासाठीच झाला असेल आणि मध्येच कधीतरी आपण विसरलो असू. मी वेड्यासारखं लिहिते आहे. पण मला खरंच तसं वाटलं.

तिथे इसरू म्हणून एक गोंड म्हातारा मोह वेचायला येतो. पहिल्या दिवशी हिला पाहून टोपली टाकून झाडामागे लपला होता. आता रोज उभा राहून पाहतो. त्याने विचारलं, "वामनभाऊ, सरकारनं पोरीले गाडी नाई देली काय?"

संघप्रियाचे बाबा म्हणाले, "देली ना. पण ते पायातच बांधा लागते."

"अन् वाघ आला म्हंजे?"

"म्हंजे मी हारन वाजवतो."

इसरूने स्कूटरकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "ह्या आवाजानं वाघ नाई पळणार भाऊ. दया येऊन जाईल."

हसलीस का? हसली असशील तर मला बरं वाटेल.

तुझी,
वच्छला


धानोरा,
२७ एप्रिल

केसरबाई,
जयभीम.

हे दोन ताव बचत गटाच्या हिशेबासाठी आणलेल्या कागदांतले आहेत. त्यांचे पैसे गटात भरले, तेव्हा मोकळ्या मनाने लिहिते.

संघप्रिया पडली. माझ्यामुळे पडली.

आदल्या दिवशी ती मी उभी होते ते वळण ओलांडून पुढे निघून गेली होती आणि पार मोरीच्या कठड्यापाशी जाऊन थांबली. चाक मोरीवर गेलं नाही. पण घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मी वळणाच्या बऱ्याच वर, उताराच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून. म्हटलं आता कशी जाते पाहू.

ती माथ्यावरून खाली निघाली. गुडघे वाकवून, काठ्या काखेत दाबून. इतक्या वेगाने माणूस आपल्याकडे येताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी हटले नाही. हटायचं सुचलंच नाही. तिने मला चुकवायला अंग टाकलं, चाकं कडेच्या मुरमात रुतली आणि ती उडून पडली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावं मनगट सुजलं, कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

इसरू धावत आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "बाई, तू रस्त्यात काऊन उभी होती? ढोर असतं तं समजलो असतो."

मी खाली बसून तिचं हेल्मेट काढलं.

डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, आठवडाभर काठी धरायची नाही. घरी आल्यावर मी हळद लावायला बसले. ती ओरडली नाही, हे मला जास्त लागलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, ह्याले बिरेक नसते."

"मंग असं काऊन घालतेस पायात?"

"बर्फावर बी नसते. उताराचा जोर पुढच्या चढाले लागते. तू मले दरवेळी उताराच्या मधात थांबवून राह्यली. थांबाले जेवढा जोर लागते तेवढा चालाले नाई लागत."

मी म्हटलं, "दुसरा रस्ता पाहू."

"पाहू. मोठीमाय नाई म्हणली तं उद्याच पाहू. पण मोठीमाय नाई म्हणली काय?"

मी हळदीची वाटी खाली ठेवली. तिचे बाबा दारात स्कूटरचं काहीतरी खोलत बसले होते. तेही थांबले.

"तू कधी विचारलं तिले?" संघप्रिया म्हणाली. "चप्पल काढाची, बसमधून उतराचं, चाक जाऊ नाई द्याचं, हे तिनं सांगतलं काय? तूच तिच्याकडून नाई म्हणून राह्यली."

बाई, तिच्यावर रागवायला मी तोंड उघडलं, पण पोरगी खोटं बोलत नव्हती. खरंच, तू कधी असं म्हणाली नव्हतीस. तुझ्या दुःखाला हात लागू नये म्हणून मी त्याच्याभोवती कुंपण घातलं आणि इतकी वर्षं त्या कुंपणाची राखण केली. तुला त्याची गरज आहे का, हे विचारायला मी सिरोंच्याला कधी आले नाही.

म्हणून आता विचारते. त्या मोरीवरून संघप्रियाने चाकावर जावं का? नाही म्हणशील तर पुन्हा एका शब्दाने विचारणार नाही, आणि तिलाही मनात काही ठेवू देणार नाही. रस्ते पुष्कळ आहेत. चांगला नसला तरी कुठला तरी मिळेल.

तुझी,
वच्छला


धानोरा,
५ मे

केसरबाई,

उत्तर नाही. ती आजपासून पुन्हा काठी धरते आहे. हमरस्त्यावर जाते, ट्रक सुरू व्हायच्या आधी. आज एक ट्रक इतक्या जवळून गेला की तिच्या बाबांनी स्कूटर थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिले. घरी येऊन मला म्हणाले, "उद्या तू जाय तिच्यासोबत. माझ्यानं नाई होत."

मी तुला घाई करत नाही. मनाला मुदत घालता येत नाही, हे मला कळतं. फक्त कळवते आहे.

वच्छला


धानोरा,
१३ मे

केसरबाई,
जयभीम.

काल बुद्धपौर्णिमा. विहारातून येऊन मी खिरीचं पातेलं चुलीवर ठेवलं होतं आणि फोन वाजला. मला वाटलं मयुरी असेल. मी म्हटलं, "बोल बेटा."

तू म्हणालीस, "बेटा नाई, केसर बोलून राह्यली."

खीर खाली लागली, बाई. सगळी. मी चमचा हातात धरून उभी होते. लागलेलीच खीर आम्ही खाल्ली, टाकली नाही, तुला माहीत आहे मी टाकत नाही.

फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून तू बोललीस ते मी इथे लिहिते. मला ते लिहून पाहायचं आहे, नाही तर स्वप्नात ऐकलं असं वाटत राहील. तू म्हणालीस, "वच्छला, तू मले न विचारता माह्याकरता एवढं करून राह्यली होती काय? मी तं त्या मोरीवरून कितीदा मनानं जाते, रोज जाते. चप्पल काढून जात नाई." मागे मयुरीच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग म्हणालीस, त्या दिवशी मागच्या गाडीत जो पोरगा होता, जो वाचला, तो नंतर तुला भेटायला आला होता. त्याने तुला सांगितलं होतं की मोरीच्या तोंडाशी मोठा खड्डा होता, म्हणून अश्वजितची गाडी हळू झाली. अगदी हळू. तेव्हाच.

हे तू इतकी वर्षं कोणाला बोलली नव्हतीस.

आणि मग म्हणालीस, "पोरीले म्हण, तिथी हळू नको होऊ. समजलं? कुठीबी हो, तिथी नको होऊ. अन् पलीकडं पोचली का मले लिहून कळव. फोनवर नको सांगू, मी घेणार नाई."

तुझा निरोप मी संघप्रियाला जसाच्या तसा सांगितला. ती ऐकून उठली, आतल्या खोलीत गेली आणि चाकांचे नट तपासत बसली. तिच्या बाबांनी ते आधीच तपासले होते. दोघांनी मिळून पुन्हा तपासले.

आज सकाळी आम्ही गेलो.

मी या वेळी रस्त्यात उभी राहिले नाही. माथ्यावर, सागाच्या झाडांखाली, कडेला उभी राहिले. तिथून सगळं दिसतं, लिहिलं होतं ना, उतार, मोरी आणि समोरचा चढ. मोह आता संपला, झाडांना टोळीची फळं धरली आहेत. तेंदूपानं तोडायला निघालेल्या बायका पोतडी घेऊन तिथे टेकल्या होत्या. इसरूने त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे, कोणी बोलत नव्हतं. संघप्रियाच्या बाबांनी स्कूटर बंद केली. म्हणाले, "आज मागं नाई जात. आवाज नको."

ती माझ्याजवळ आली. मनगटाची पट्टी मी पुन्हा एकदा बांधली. सैल नव्हती. ती म्हणाली, "आई, जाऊ?"

मी म्हटलं, "जा."

बाई, आता मी जसं दिसलं तसं लिहिते. माझ्याकडे त्याला शोभतील असे शब्द नाहीत.

पहिल्यांदा तिने काठ्या मारल्या, मग काठ्या काखेत घेतल्या आणि बसल्यासारखी वाकली. चाकांचा आवाज होतो, मधमाश्यांच्या पोळ्याजवळून जाताना येतो तसा, आधी बारीक, मग वाढत जाणारा. झाडांतून ऊन नुकतं रस्त्यावर आडवं पडत होतं. ती उन्हात दिसायची, सावलीत नाहीशी व्हायची, पुन्हा उन्हात दिसायची, आणि दर वेळी आणखी लहान. जिथे मी हात पसरून उभी होते ती जागा गेली. वळण गेलं. मी डोळे मिटणार होते. पण तुला लिहायचं होतं, म्हणून उघडे ठेवले.

मोरीवर आवाज बदलला. खालून पोकळ आहे ना, म्हणून जड, घुमल्यासारखा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. क्षणभरच. मग पुन्हा तो बारीक आवाज, आणि ती पलीकडे होती.

ती हळू झाली नाही. जरासुद्धा नाही. उलट मला वाटलं मोरीवर ती अंगाने आणखी पुढे झाली होती.

मग तो जोर तिला समोरच्या चढावर घेऊन गेला. तिने काही केलंच नाही, रस्ताच तिला वर नेत होता. अर्ध्या चढापर्यंत. तिथे तिने अंग सरळ केलं आणि काठ्या टेकायला लागली. टक्, टक्. इतक्या लांबून आवाज यायला वेळ लागतो. काठी टेकलेली आधी दिसायची, टक् मागून यायचं. मला त्या फोनवरच्या पांढऱ्या मैदानातला ठिपका आठवला नाही, काहीच आठवलं नाही. मी फक्त पाहत होते. माझा श्वास तिच्या काठ्यांसारखा चालत होता, हे मला नंतर कळलं. एवढं मोठं रान, एवढं मोठं आभाळ, आणि त्यात वर जात असलेली आपली पोरगी. भीती होती, खोटं कशाला सांगू. पण ती भीती मला खाली वाकवत नव्हती. मी विहारात कितीदा बसले, इतकी गप्प मी कधी झाले नाही.

ती माथ्यावर पोचली. आभाळाच्या रेघेवर उभी दिसली. आणि मग पलीकडच्या उताराला लागून दिसेनाशी झाली.

तेवढाच वेळ अवघड गेला. इसरू म्हणाला, "गेली?"

संघप्रियाचे बाबा म्हणाले, "गेली." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "येईल." मग पुन्हा, "येईल ना."

आपण दोघी बहिणी, बाई. हे वाक्य तुला लिहावं की नाही यावर मी दुपारभर अडून बसले. तुझ्याकडे कोणी परत आलं नाही आणि मी तुला माझ्या मुलीचं परत येणं लिहू? पण तू स्वतः फोन केलास. जे विचारलंस त्याचं उत्तर अर्धं देणं हे पुन्हा कुंपण घालणं झालं असतं.

माथ्यावर आधी काठ्यांची टोकं दिसली. मग ती. तिने तिथूनच आमच्याकडे पाहिलं असावं, कारण थोडी थांबली. मग खाली निघाली, आमच्या दिशेने, आणि या वेळीही मोरीवर हळू झाली नाही.

ती पलीकडे पोचली, केसर.

वच्छला